पव्व्यावरचे २७ रुपये ६७ पैसे

सरपंच आणि सदस्यांच्या प्रशिक्षणात देशी दारूच्या पव्व्यावरच्या, म्हणजे १८० मिलीच्या बाटलीवरच्या, कराचं हे प्रकरण मी गेले काही महिने सांगतो आहे. तोंडी सांगताना दर वेळी काहीतरी सुटतं, म्हणून एकदा सलग लिहून काढतोय. गाव चंद्रपूर जिल्ह्याच्या धानपट्ट्यातलं. नाव देत नाही, कारण गाव लहान आणि देशीचं दुकान एकच. नाव दिलं की दुकानदारही ओळखू येतो आणि त्याच्याशी भांडणाऱ्या बायाही.

२०२५ सालचा १४ ऑगस्ट. दुसऱ्या दिवशी ग्रामसभा होती आणि नियमाप्रमाणे तिच्या आधी महिलांची सभा. गावाच्या विकास आराखड्याबद्दल बोलायला मला बोलावलं होतं. पाऊस धरून होता, रोवणा, म्हणजे धानाची लावणी, नुकताच आटोपला होता, त्यामुळे बाया बऱ्यापैकी जमल्या. सभा शाळेच्या वर्गात. फळ्यावर मुलांनी रंगीत खडूंनी तिरंगा काढून '७९ वा स्वातंत्र्यदिन' लिहिलं होतं आणि खाली एक कोपरा मोकळा राहिला होता. पुढचं सगळं गणित त्या कोपऱ्यातच झालं.

मी पाणी, नाल्या, अंगणवाडी असं बोलत होतो. बचतगटाच्या एका काकूंनी मध्येच थांबवलं.

"साहेब, पव्वा आता ऐंशीले झाला. सरकारनं टॅक्स वाढवला म्हणून दुकानवाला सांगते. मंग तो टॅक्स आमच्याच गावातून गेला ना जी? त्यातलं गावाले काय भेटलं?"

मी ग्रामसेवकांकडे पाहिलं. (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात.) त्यांनी रजिस्टर चाळलं आणि म्हणाले, "दुकानाच्या इमारतीची घरपट्टी येते." किती? दोन हजारांच्या आत. आणखी काही? आणखी काही नाही.

बाया हसल्या. त्या हसण्यात राग किती होता हे तिथे बसलेल्यालाच कळेल.

या गावच्या बायांनी हा प्रश्न विचारण्यामागे पंधरा वर्षांचा इतिहास आहे. २०१० च्या हिवाळी अधिवेशनावर श्रमिक एल्गार या संघटनेच्या नेतृत्वात चिमूरहून नागपूरपर्यंत बायांचा पायी मोर्चा गेला. या गावच्या चौघी त्यात चालल्या होत्या. पुढे जिल्ह्यातल्या ५८८ ग्रामपंचायतींनी दारूबंदीचे ठराव केले, दारूबंदीचा विचार करायला देवतळे समिती बसली, आणि अखेर १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. शेजारच्या गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे आणि वर्ध्यात त्याच्याही आधीपासून. म्हणजे सलग तीन जिल्ह्यांचा पट्टा कागदावर कोरडा झाला.

कागदावर म्हणतो, कारण त्या सहा वर्षांत वर्धा नदीपलीकडून, यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीच्या बाजूने माल येत राहिला. इकडे नागपूरकडूनही यायचा. पव्वा दुपटीने विकला जायचा. एक गोष्ट तेव्हा कुणाच्या लक्षात आली नव्हती, माझ्याही नाही. वणीच्या दुकानातून उचललेल्या बाटलीवरचा सरकारी कर आधीच भरलेला असायचा. वरचा फायदा मोटरसायकलवाल्या पोट्ट्याचा. बंदीमुळे महसूल बुडाला असं सरकार सांगत राहिलं. तो बुडाला हे खरंच, पण नदीपलीकडून आलेल्या बाटलीपुरता तो फक्त दुसऱ्या जिल्ह्याच्या नावावर गेला होता. २७ मे २०२१ ला मंत्रिमंडळाने बंदी उठवली, जुलैत दुकानं उघडली, आणि या गावचं दुकान त्याच जागी, त्याच पाटीसह पुन्हा सुरू झालं.

गणित करायला घेतलं ते असं.

जून २०२५ मध्ये राज्याने मद्यावरचं शुल्क वाढवलं. देशी दारूवर दर प्रूफ लिटरला १८० रुपये होते, ते २०५ झाले, आणि १८० मिलीच्या देशी बाटलीची किमान किंमत ८० रुपये ठरली. प्रूफ लिटर हे मोजमाप जुनं, इंग्रजांच्या काळचं आहे. दारूत पाणी किती आणि अर्क किती यावरून ते ठरतं. देशीच्या बाटलीवर '२५ यू.पी.' लिहिलेलं असतं, म्हणजे प्रूफपेक्षा २५ अंश कमी. सोप्या भाषेत, शंभरातला ७५ चा हिशोब. तेव्हा १८० मिलीत प्रूफ १३५ मिली. त्याला २०५ ने गुणलं की २७ रुपये ६७ पैसे येतात.

हा आकडा मी फळ्यावर लिहिला तेव्हा वर्गात एकदम शांतता झाली. ८० रुपयांतले जवळजवळ २८ निव्वळ उत्पादन शुल्काचे. विक्रीकर, म्हणजे व्हॅट, त्यावर वेगळा. दारू अजून जीएसटीत नाही, त्यामुळे तोही राज्याचाच. उरलेल्यात कारखाना, बाटली, बूच, ठोक विक्रेता आणि दुकानदार.

मग एका सूनबाईने उठून दुसरं गणित मांडलं. खडू तिने माझ्या हातातून घेतला. पंधराशे भागिले ऐंशी. लाडक्या बहिणीचे महिन्याचे १,५०० रुपये, आणि पव्वा ८० चा. उत्तर १८.७५. "म्हणजे एकोणीस दिवस बी पुरत नाई," ती म्हणाली आणि खाली बसली. तिच्या घरचा माणूस रोज एक घेतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, तिने ते बोलून दाखवायची गरज नव्हती. मी पुढची ओळ लिहिली: रोज एक पव्वा म्हणजे महिन्याला ३०, आणि ३० पव्व्यांवरचं शुल्क ८३० रुपये. सरकार एका हाताने त्या घरात १,५०० टाकतं, दुसऱ्या हाताने त्याच घरातून शुल्काचे ८३० उचलतं, व्हॅट धरला तर आणखी. मधल्या वाटेत दारू आहे, मार आहे, सावकार आहे.

ही ओळ मी पुढे इतर प्रशिक्षणांत लिहिली तेव्हा एका तालुक्यातल्या अधिकाऱ्यांनी मला 'असं राजकीय बोलू नका' म्हणून सुनावलं. भागाकारात राजकारण कुठून आलं हे मला अजून कळलेलं नाही.

गावातून एकूण किती जातं याचा अंदाज बायांनीच काढला, तोही पुढच्या आठ दिवसांत. दुकानदार सांगणार नाही हे माहीत होतं. म्हणून त्यांनी रिकाम्या बाटल्या वेचल्या. दुकानामागचा उकिरडा, तलावाची पाळ, बसथांब्याचं शेड, नाल्यावरचा पूल. सात दिवसांत अकरा चुंगड्या (पोती) भरल्या. एक चुंगडी ओतून मोजली, बाकीच्या तशाच धरल्या. भंगारवाल्याने हिशोब न करताच उचलून नेलं आणि दिलेल्या पैशातून बचतगटाचा चहा झाला. रोजचे २०० पव्वे असं ढोबळ धरायचं ठरलं. यात चुका आहेत हे त्यांनाही माहीत होतं. शेजारच्या गावांतले लोकही इथेच घेतात, नव्वद मिलीच्या बाटल्या वेगळ्या, आणि धानाच्या बांधीत फेकलेल्या बाटल्या चिखलात गेल्या त्या गेल्याच.

२०० गुणिले २७ रुपये ६७ पैसे, रोजचे साडेपाच हजार. ड्राय डे आणि इकडचे तिकडचे दिवस वजा करून वर्षाचे ३५० दिवस धरले तर १९ लाखांच्या वर. ग्रामसेवकांनी दप्तर काढलं. पंधराव्या वित्त आयोगाचा गावाला येणारा निधी वर्षाला दहा-अकरा लाखांच्या आसपास, आणि त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला.

इथे मी एक खुलासा केला, तो गरजेचा होता. वित्त आयोगाचा पैसा दिल्लीहून, केंद्राच्या करांतून येतो. दारूवरचं शुल्क केंद्राचं नाही. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत ते राज्याच्या यादीत आहे. तेव्हा गावाला मिळणाऱ्या त्या दहा-अकरा लाखांत दारूचा एक थेंबही नाही. दारूचा पैसा मुंबईला, राज्याच्या एकत्रित निधीत, ००३९ या लेखाशीर्षाखाली जमा होतो. तिथे पडला की त्याला गाव राहत नाही. शिक्षकांचे पगार, रस्ते, लाडकी बहीण, कर्जावरचं व्याज, सगळं त्याच विहिरीतून निघतं. परत येतच नाही असं म्हणता येणार नाही. पण आपला किती गेला आणि आपल्याकडे किती आला, हे कुणालाच सांगता येत नाही.

आणि त्याच्याही आधी एक गाठ आहे. ती एका पोरीने सोडवली, आशाताईंची मुलगी, बारावीला. तिने वेचलेल्या बाटलीचं लेबल वाचून दाखवलं. कारखान्याचा पत्ता अहिल्यानगर जिल्ह्यातला. देशी दारू उसाच्या मळीपासून निघालेल्या अर्कावर बनते आणि उसाचा पट्टा तिकडे. शुल्क भरायचं असतं माल कारखान्यातून निघताना. म्हणजे आमच्या गावच्या मजुराने दिलेले २७ रुपये ६७ पैसे सरकारी वहीत पडतात ते कारखान्याच्या जिल्ह्याच्या नावावर. चंद्रपूरच्या नावावर परवाना शुल्क आणि किरकोळ बाकी.

"म्हणजे पितो आम्ही, आन् नाव त्यांचं?" एक म्हातारे मामाजी म्हणाले. ते दाराशी उभे राहून ऐकत होते, बायांची बैठक असूनही. त्यांना कुणी हाकललं नाही.

मला इथे मोहफुलं आठवल्याशिवाय राहवत नाही. आमच्या भागात मोह घरोघरी. २०२१ मध्ये राज्याने मोहफुलं गोळा करण्यावरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध उठवले, पण त्याची दारू घरी काढली की गुन्हा आहेच. उसाच्या मळीच्या दारूला परवाना आणि लेबल, मोहाच्या दारूला पोलीस. मी मोहाच्या बाजूने बोलतोय असं नाही, दोन्हींनी घरं बसलेली पाहिली आहेत. पण पैसा कुठून निघून कुठे जातो हे पाहायचं तर हेही पाहावं लागतं. ज्या कायद्याखाली ही सगळी दुकानं चालतात त्याचं नाव आजही महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ असंच आहे. त्यानुसार पिणाऱ्याकडे परवाना हवा. देशीचा एक दिवसाचा परवाना २ रुपयांना मिळतो. गावात तो कुणी डोळ्यांनी पाहिलेला नाही.

त्याआधी, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेतही हाच विषय निघाला होता. त्या दिवशी ड्राय डे, त्यामुळे पुरुषमंडळीही शुद्धीत होती. सरपंचबाईंनी हे मला कानात सांगितलं, थट्टा म्हणून नव्हे.

सभेत एक पदवीधर पोरगा मोबाइल घेऊन उभा राहिला. त्याने वाचलं होतं की अमेरिकेत मिनेसोटा राज्यात कितीतरी गावांच्या नगरपालिका स्वतः दारूचं दुकान चालवतात. हे खरं आहे. १९३३ मध्ये तिकडची दारूबंदी उठली तेव्हा लहान गावांनी विक्री स्वतःच्या ताब्यात ठेवायचं ठरवलं. नफा गावच्या निधीत जातो, त्यातून बागा, रस्ते, अग्निशमनाची गाडी. ज्या गावात पालिकेचं दुकान आहे तिथे बाटलीबंद दारूच्या खासगी दुकानाला परवानाच नसतो. राज्याचे लेखापरीक्षक दर वर्षी गावनिहाय अहवाल छापतात, कोणत्या गावच्या दुकानाने किती कमावलं आणि किती गावाला दिलं. पोराचं म्हणणं एवढंच, की आपल्याकडेही दुकान ग्रामपंचायतीनेच चालवावं.

मी त्याला जवळची उदाहरणं दिली, कारण दुकान सरकारी झालं की पैसा गावात येतोच असा समज पक्का होत होता. छत्तीसगड आपल्या बांधाला लागून. तिथे २०१७ पासून सरकारी कंपनीच दुकानं चालवते. तामिळनाडूत २००३ पासून सगळी किरकोळ विक्री सरकारी महामंडळाकडे. दोन्हीकडे पैसा राजधानीच्या तिजोरीत जातो, गावाच्या वाट्याला दुकानासमोरची गर्दी. मिनेसोटात गावाला मिळतं ते दुकान सरकारी आहे म्हणून मिळत नाही, दुकान गावाचं आहे म्हणून मिळतं. आपल्याकडे दुकान खासगी आहे आणि परवाना राज्याचा आहे. ग्रामपंचायतीला दुकान चालवू द्यायची वाट कायद्यात नाही, आणि मला विचाराल तर नसलेलीच बरी. पंचायतीच्या दुकानात उधारी कुणाकुणाची राहील याची यादी मी आत्ताच लिहून देऊ शकतो.

मग परतीची वाट कशी असते? आमच्या जिल्ह्यात तिचं उदाहरण पायाखालीच आहे. कोळसा. खाण कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. खाणवाल्याने रॉयल्टी तर भरायचीच, शिवाय जुन्या खाणपट्ट्यावर रॉयल्टीच्या ३० टक्क्यांपर्यंत आणि लिलावाच्या खाणपट्ट्यावर रॉयल्टीच्या १० टक्के इतकी रक्कम जिल्ह्यातच ठेवायची, खाणीने बाधित गावांसाठी. त्या पैशाचा वापर कसा होतो यावर मी स्वतंत्र लिहीन, तोंड उघडलं तर थांबणार नाही. पण पैशाला पत्ता आहे. जमिनीचं खरेदीखत झालं की मुद्रांकावर १ टक्का अधिभार जिल्हा परिषदेसाठी लागतो, त्यातला अर्धा ग्रामपंचायतीला मिळतो. गडचिरोलीच्या पेसा गावांना, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींच्या कायद्याखालच्या गावांना, २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर येतो. म्हणजे कोळशाच्या धुळीची भरपाई असते हे राज्याला मान्य आहे, जमीन विकली गेली की गावाचा हक्क असतो हेही मान्य आहे. दारूने घर बसतं ते मात्र त्या घराचं खासगी दुखणं.

सभा इथे मतं जुळवून संपली असती. पण २०१० मध्ये नागपूरला चाललेल्या चौघींपैकी एक आजी उठल्या. साठी ओलांडलेली, गुडघ्यांना पट्टे.

"मले नाई पायजे वाटा," त्या म्हणाल्या. "आज दुकानाच्या पैशात नाली बांधान, उद्या लाइट लावान, परवा पोराची लायब्ररी. मंग दुकान बंद करा म्हणाले कोण उठंन? मी उठलो, तर तुमीच म्हणान, बुडीले लायब्ररी नको हाय."

सरपंचबाई गप्प झाल्या. त्यांना खरोखरच नाली बांधायची होती. मीही गप्प झालो, कारण आजींनी राज्य सरकारचंच वर्णन केलं होतं. महसूल लागतो म्हणून दुकान लागतं. तीच सवय त्या गावाला लावू द्यायला तयार नव्हत्या.

वाद तासभर चालला. बरंचसं नेहमीचं: पिणारा कुठूनही पिणार, बंदी करून काय झालं ते पाहिलं ना, वणीचा माल येईल. ते इथे देत नाही. त्यातून बाहेर काढलं ते आशाताईंनी. त्यांचं म्हणणं साधं होतं. वाटा मागायचा, पण असा की दुकान बंद केल्याने गावाचं नुकसान होणार नाही. वाटा आधी त्या गावांना द्या ज्यांनी दुकान बंद केलं. नाहीतर बंद करणाऱ्या गावाला सरकार दंडच करतं.

ठरावाचा मसुदा मी लिहिला, भाषा सरकारी केली, पण कल्पना त्यांची. पहिलं कलम: गावच्या दुकानाने दर महिन्याला किती लिटर माल उचलला आणि त्यावर किती शुल्क व व्हॅट भरला गेला याची माहिती ग्रामसभेला मिळावी. दुसरं: राज्याने गावातल्या विक्रीवरच्या शुल्काचा काही भाग त्या गावासाठी राखावा, आणि तो फक्त व्यसनमुक्तीचे उपचार, दारूमुळे उघड्यावर पडलेल्या बाया आणि मुलांचं शिक्षण यावर खर्च व्हावा, नाली, दिवे, रस्ते, इमारत यावर एक रुपयाही नाही. तिसरं: ज्या गावाने मतदान करून दुकान बंद केलं, त्याला बंदच्या आधीच्या वर्षाइतका वाटा पुढची पाच वर्षं मिळत राहावा.

प्रशिक्षणात मी या तिसऱ्या कलमावर सर्वांत जास्त वेळ घालवतो. बहुतेक सरपंचांना पहिली दोन लगेच पटतात. तिसरं वाचल्यावर ते मान वर करतात.

ठराव पाठवायचा कुणाला, हाही एक धडाच होता. संविधानाच्या २४३-आय कलमाखाली दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमायचा असतो. राज्याच्या करांतला कोणता हिस्सा पंचायतींकडे जावा हे सुचवणं त्याचं काम. तेव्हा खरी जागा ती. शिवाय खालच्या कार्यालयांनाही प्रती दिल्या. दोन महिन्यांनी एका कार्यालयाकडून उत्तर आलं: 'सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.' ज्या कार्यालयाची म्हणून त्यात ती बाब लिहिली होती, तिथून तेच वाक्य आलं.

माहितीच्या अधिकारात मात्र अर्धं काम झालं. दुकानाने उचललेल्या मालाचे महिन्याचे लिटर मिळाले. शुल्काबद्दल उत्तर असं, की ते उत्पादकाकडून कारखान्याच्या ठिकाणी वसूल होत असल्याने दुकाननिहाय उपलब्ध नाही. म्हणजे आशाताईंच्या पोरीने लेबलावरून ओळखलं होतं तेच, आता शिक्क्यानिशी. लिटरला १८० मिलीने भागून बायांनी रोजचे पव्वे काढले. त्यांच्या २०० पेक्षा आकडा जास्त निघाला. चुंगड्यांमध्ये न आलेल्या बाटल्या बांधीतच होत्या.

ठरावाची वाट पाहत बसायचं नाही हे आजींनी आधीच ठरवलं होतं. त्यांनी समांतर सह्यांचं काम सुरू केलं, आडव्या बाटलीचं. २००८ च्या नियमांप्रमाणे गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली की पडताळणी होऊन गुप्त मतदान घेतलं जातं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला गावातल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं पडली तर दुकान बंद. झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून नव्हे, एकूण महिलांच्या. म्हणजे जी बाई आली नाही, ती न येताही उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. लोकसभेला असा नियम लावला तर कितीजण निवडून येतील, असं एका शिबिरात एका सदस्याने विचारलं होतं. मी हसून विषय बदलला.

या गावात महिला मतदार ६९० च्या आसपास. सह्या हव्या होत्या १७३, झाल्या २११. त्यातल्या काही अंगठे. सह्यांचे कागद आजींनी तांदळाच्या डब्यात, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवले होते, उंदरांच्या भीतीने. जमा केले तेव्हा त्यांना भाताचा वास येत होता. पडताळणी अजून पुरी झालेली नाही. मतदान झालं तर आडवीला ३४६ मतं लागतील.

आणि अडचण गावातली नाही, तेलंगणातली आहे. धान कापून झालं की इथल्या बाया मिरची तोडायला तिकडे जातात, टोळीने, मुलंबाळं घेऊन. यंदाही गाड्या भरून गेल्या. पडताळणीच्या वेळी अधिकाऱ्यापुढे हजर राहून सही आपलीच आहे हे सांगायचं असतं, आणि मतदान त्या काळात लागलं तर ३४६ चा आकडा गाठणं कठीण आहे.

शेवटचं गेलो तेव्हा आजी बसथांब्यावर टोळीच्या मुकादमाशी बोलत उभ्या होत्या. बाया परत कधी आणशील, एवढंच विचारत होत्या. तो म्हणाला, पाडव्याच्या आधी नाही जमणार. घरी येऊन त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाडव्याची तारीख शोधली आणि नातवाकडून त्याभोवती पेनाने गोल करून घेतला.